खिडकी खासगी, पण कोणापासून?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



संगणकावर किंवा मोबाईलवर आपण ज्यातून इंटरनेट पाहतो त्या ब्राउझरमध्ये एक वेगळी, काळपट रंगाची खिडकी असते. क्रोममध्ये तिचं नाव इनकॉग्निटो. टोपी आणि चष्मा घातलेल्या अनोळखी माणसाचं चित्र तिच्यावर असतं. सफारीत आणि फायरफॉक्समध्ये तिला खासगी खिडकी म्हणतात. आमच्याकडची कॉलेजची पोरं तिला सरळ चोरखिडकी म्हणतात. तिच्यात काय पाहिलं ते कुणालाच कळत नाही, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आज बोलायचं आहे ते या समजुतीबद्दल.

कवितेत रमणाऱ्या माणसानं या भानगडीत कशाला पडावं, असं कुणी विचारील. माझं शिक्षण बी. ए.पर्यंतचं, संगणकशास्त्राशी माझा संबंध नाही. पण मी तुमसर तालुक्यात, आंबागडच्या परिसरात राहतो आणि कविता लिहून उरलेल्या वेळात एक लहानसं वाचनालय सांभाळतो. वाचनालयाची एक देवघेव नोंदवही असते. कोणी कोणतं पुस्तक कधी नेलं, कधी परत केलं, सगळं तिच्यात. दिसायला साधी वही, पण गावातल्या माणसांच्या मनात काय चाललंय हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. म्हणाले, "काकाजी, आमची पोरगी कोणती पुस्तकं नेते, जरा रजिस्टर दाखवा ना." माणूस वाईट नव्हता, बाप होता. मी वही दाखवली नाही. म्हटलं, भाऊ, पोरगी घरीच आहे, तिलाच विचारा. ते रागावून गेले आणि सहा महिने वर्गणी भरली नाही. मुलगी मात्र येत राहिली.

आता वाचनालयात एक संगणकही आहे. भरतीचे फॉर्म, सातबारा, शिष्यवृत्ती यांसाठी लोक येतात. मध्यंतरी ओळखीतल्या एक बाई आल्या. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून म्हणाल्या, "भाऊ, घरच्या मोबाईलवर हे पाहता येत नाही. सगळ्यांच्या हातात जाते तो." डॉक्टरांनी चिठ्ठीवर गर्भाशयाच्या आजाराचं नाव लिहून दिलं होतं. ते काय असतं, ऑपरेशन करावं लागतं का, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. सासरी सांगण्यापूर्वी. मी त्यांना खासगी खिडकी उघडून दिली आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासानं त्या खिडकी बंद करून गेल्या. नंतर संगणकावर त्यांचा मागमूस नव्हता. त्या खिडकीचं काम एवढंच आहे, आणि ते तिनं चोख केलं.

हे एवढंच काम म्हणजे नेमकं काय, ते नीट पाहू. साध्या खिडकीत आपण जी पानं उघडतो त्यांची यादी ब्राउझर ठेवतो. शिवाय प्रत्येक संकेतस्थळ आपल्या यंत्रावर एक छोटी चिठ्ठी ठेवून जातं, तिला कुकी म्हणतात. पुढच्या वेळी गेलो की ती चिठ्ठी पाहून ते म्हणतं, या, तुम्ही परवाही आला होता. खासगी खिडकीत या चिठ्ठ्या तात्पुरत्या असतात आणि खिडकी बंद केली की चिठ्ठ्या आणि पानांची यादी दोन्ही फेकली जातात. म्हणजे तुमच्यानंतर त्याच यंत्रावर बसणाऱ्याला काही दिसत नाही. उतरवून घेतलेली फाइल मात्र तिथंच राहते. ती आपली आपण पुसायची.

सफारीनं अशी सोय २००५ मध्ये दिली, क्रोमनं २००८ मध्ये. पुढच्या वर्षी इंटरनेट एक्स्प्लोरर आणि फायरफॉक्स आले. पण तारखा राहू द्या. मुद्दा असा की, ही सोय घरातल्या माणसांपासून आडोसा म्हणून बनवलेली आहे. पलीकडचं संकेतस्थळ, मधली इंटरनेट पुरवणारी कंपनी, ऑफिसातला संगणक विभाग, यांच्यापासून आडोसा देण्याचा तिचा दावाच नाही. खिडकी उघडताना तिथं तसं लिहिलेलंही असतं. ते वाचतो कोण?

बरं, या खिडकीतून पाहणारा माणूस संकेतस्थळाला वेगळा ओळखू येतो का? म्हणजे 'हा चोरखिडकीतून आलाय' हे पलीकडच्याला कळतं का? कळत होतं, आणि पुष्कळदा अजूनही अंदाज बांधता येतो. कसं, ते मला माझ्या भाचीनं समजावून सांगितलं. ती नागपुरात हेच शिकते. घरी आम्ही आमच्या मिश्र बोलीत बोलतो, त्याचं मराठी करून सांगतो. ती म्हणाली, "मामू, समजा तुम्ही पाहुणे म्हणून एका घरी गेलात. घरमालक चेहरा झाकून बसलाय, तो कोण हे तुम्हाला कळत नाही. पण तुम्ही म्हणालात, माझी पिशवी जरा कपाटात ठेवू का? आणि तो म्हणाला, कपाटच नाही. तर तुम्ही काय समजाल?"

नेमकं असंच होतं. ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला सामान ठेवायला थोडी जागा देतो. खासगी खिडकीत सामान मागे ठेवायचंच नसतं, म्हणून ब्राउझर बनवणाऱ्यांनी काही कपाटं बंद करून टाकली. सफारीत कपाट दिसायचं, पण त्यात काही ठेवायला गेलं की नकार यायचा. हे २०१७ पर्यंत चाललं. फायरफॉक्सच्या खासगी खिडकीत एक विशिष्ट कोठार बंद असायचं, ते २०२३ मध्ये उघडलं. क्रोममध्येही फाइली ठेवण्याची एक सोय इनकॉग्निटोत मिळत नसे. संकेतस्थळानं नुसतं विचारायचं, नकार आला की ओळखायचं. लपण्यासाठी जो दरवाजा बंद केला, तो बंद आहे हीच लपलेल्याची खूण.

आमच्या मोहल्ल्यात लहानपणी आम्ही मुलं बुरख्यातली बाई कोण ते लांबून ओळखायचो. चपलांवरून, चालीवरून, सोबत बोट धरलेल्या पोरावरून. बुरख्यानं चेहरा झाकला जातो, माणूस झाकला जात नाही. हे आमच्या आयाबहिणींना पक्कं ठाऊक होतं. संगणकवाल्यांना मात्र त्यावर शोधनिबंध लिहावे लागले.

असा एक महत्त्वाचा निबंध २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका परिषदेत वाचला गेला. गौरव अगरवाल, एली बर्स्टीन, कॉलिन जॅक्सन आणि डॅन बोने हे त्याचे लेखक. त्यांची युक्ती गमतीदार होती. आपण पाहून आलेला दुवा ब्राउझर जांभळा दाखवतो आणि न पाहिलेला निळा, हे तुम्ही पाहिलं असेल. त्यांनी पानात एक नवा दुवा गुपचूप उघडवला आणि मग त्याचा रंग तपासला. साध्या खिडकीत तो जांभळा व्हायचा. खासगी खिडकीत काही लक्षात ठेवायचंच नसल्यामुळे निळाच राहायचा. निळा दिसला की समजावं, पाहुणा तोंड झाकून आलाय. ब्राउझर बनवणाऱ्यांनी नंतर ही रंग तपासण्याची वाट बंद केली.

हे ओळखून कुणाला काय मिळतं? एक उत्तर आपल्या धंद्यातलंच आहे, म्हणजे वृत्तपत्रांच्या. परदेशातली आणि आपल्याकडची काही वृत्तपत्रं महिन्याला ठरावीक लेख फुकट वाचू देतात, नंतर वर्गणी मागतात. किती वाचले हे त्या चिठ्ठीवर मोजलं जातं. वाचक चलाख, तो खासगी खिडकी उघडतो, चिठ्ठी कोरी, पुन्हा पहिल्यापासून मोजणी. म्हणून २०१७ मध्ये 'बोस्टन ग्लोब'नं खासगी खिडकीतून येणाऱ्यांना लेख दाखवणंच थांबवलं. आधी खातं उघडा किंवा नेहमीच्या खिडकीतून या. मला वृत्तपत्रांची बाजू कळते. वर्गणी न भरता वाचणारे मी रोज पाहतो, आणि बातमी फुकट तयार होत नाही.

पण याला दुसरी बाजू आहे. जुलै २०१९ मध्ये गुगलनं जाहीर केलं की, क्रोमच्या पुढच्या आवृत्तीत इनकॉग्निटो ओळखण्याची ती वाट बंद होईल. कारण देताना त्यांनी सामाईक यंत्राचा उल्लेख केला, राजकीय दडपशाहीचा केला आणि घरातल्या छळाचाही केला. अशा माणसांना आपण लपून वाचतोय हेही लपवावं लागतं. मला ओट्यावरून आत दिसणाऱ्या त्या बाई आठवल्या. त्यांना एखाद्या पानानं सांगितलं असतं, 'तुम्ही लपून आला आहात, नाव सांगा, मग वाचा,' तर त्या उठून गेल्या असत्या.

ती वाट बंद झाली आणि काही दिवसांतच दुसऱ्या सापडल्या. क्रोम आता कपाट नाही म्हणत नव्हता, पण इनकॉग्निटोत कपाट लहान असायचं, जास्तीत जास्त १२० मेगाबाइट. संकेतस्थळ विचारायचं, जागा किती आहे? आकडा लहान आला की अंदाज. आणखी कुणी दाखवून दिलं की, खासगी खिडकीतलं सामान डिस्कवर न जाता यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीत राहतं, ते फार झटपट लिहिलं जातं, म्हणून नुसतं घड्याळ लावूनही ओळखता येतं. भाचीच्या भाषेत, "मामू, खरं कपाट उघडायला वेळ लागतो, खिशात टाकायला नाही." हा लपंडाव आजही चालूच आहे. एक ब्राउझर एक फट बुजवतो, कुणीतरी दुसरी शोधतो.

खरं सांगायचं तर ही ओळख फारशी धोक्याची नाही. खासगी खिडकीतून कुणीतरी आलंय, एवढंच त्यातून कळतं. कोण आलंय हे कळणं जास्त गंभीर. आणि त्यासाठी चिठ्ठीची गरज पडत नाही.

२०१० मध्येच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या अमेरिकी संस्थेच्या पीटर एकर्सली यांनी एक प्रयोग केला. ब्राउझर संकेतस्थळाला स्वतःबद्दल किती सांगतो ते त्यांनी गोळा केलं. पडद्याची मापं, कोणती आवृत्ती, घड्याळ कुठल्या देशाचं, यंत्रात कोणते टाइप म्हणजे फाँट आहेत, असल्या निरुपद्रवी गोष्टी. एकेक गोष्ट लाखोंची सारखी असते. पण सगळ्या एकत्र केल्या तर? ४,७०,१६१ ब्राउझर तपासले, त्यांतले ८३.६ टक्के एकमेवाद्वितीय निघाले. त्या गोळा केलेल्या ढिगात त्यांच्यासारखा दुसरा नव्हता. याला बोटांच्या ठशांची उपमा देतात. खासगी खिडकी उघडली म्हणून पडदा, घड्याळ किंवा यंत्रातले टाइप बदलत नाहीत. ठसा जवळपास तोच.

यातली टाइपांची गोष्ट आपण मराठी माणसांनी विशेष ऐकण्यासारखी आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी मराठी टाइप म्हणजे श्री-लिपी, शिवाजी, सुरेख. लग्नपत्रिका छापणाऱ्या दुकानातल्या संगणकात ते भरलेले असत आणि मराठी संकेतस्थळं वाचायलाही कधी कधी वेगळे उतरवून घ्यावे लागत. आता कल्पना करा, जगातल्या लाखो संगणकांच्या गर्दीत एक असा, ज्यात हे टाइप आहेत. तो कुठला, हे सांगायला ज्योतिषी नको. पुढं युनिकोड आलं, ते टाइप मागे पडले, आणि सफारीसारख्या ब्राउझरांनी माणसानं स्वतः भरलेले टाइप संकेतस्थळांना दाखवणंही बंद केलं. पण भाषा राहिली. तुम्ही ब्राउझर मराठीत लावला असेल तर 'या माणसाला मराठी पसंत आहे' हे तो प्रत्येक संकेतस्थळाला सांगतो. सांगावंच लागतं, नाहीतर पान मराठीत कसं येईल? इंग्रजीत लावणारा गर्दीत मिसळून जातो. मायबोलीत लावणारा उठून दिसतो.

दुर्मीळ असणं म्हणजे ओळखू येणं, हे मला वेगळ्या तऱ्हेनं ठाऊक आहे. कविसंमेलनात माझं नाव पुकारलं की अजूनही दोन-चार माना वळतात आणि चहाच्या वेळी कुणीतरी आपुलकीनं विचारतोच, "तुम्ही मराठीत लिहिता?" मी म्हणतो, हो, आंबागडला उर्दूत पाऊस पडत नाही. तर ते असो. मी माझा ब्राउझर मराठीतच ठेवला आहे आणि तो तसाच राहील. ओळखलं तर ओळखू दे. पण हा निर्णय माझा आहे. त्या बाईंना तो कुणी विचारलेला नाही.

या ठशावर उपाय काढणारेही आहेत. टॉर नावाचा ब्राउझर आहे. तो लपवण्यापेक्षा सगळ्यांना सारखं दिसायला लावतो, अगदी खिडकीची मापंसुद्धा ठरावीक. शाळेच्या गणवेशात पोरं सारखी दिसावीत तसं. पण तो संथ चालतो आणि कित्येक संकेतस्थळं त्याला दारातच अडवतात. तो वापरणारा गर्दीत वेगळा दिसतो ही गंमत पुन्हा आहेच.

मग प्रश्न येतो मधल्या माणसाचा. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला खासगी खिडकी दिसतही नाही. तिला सगळ्या खिडक्या सारख्या. कुलपाची खूण असलेल्या संकेतस्थळांवर गेलात तर कोणत्या दारात गेलात ते तिला साधारणपणे कळतं, आत कोणतं पान वाचलं ते कळत नाही. आजारांची माहिती देणाऱ्या दारात गेला एवढं दिसलं तरी कधी कधी पुरेसं असतं. आपल्याकडे एप्रिल २०२२ मध्ये केंद्राच्या सर्ट-इन या संस्थेनं आदेश काढला की, सेवा देणाऱ्यांनी नोंदी १८० दिवस ठेवाव्यात आणि व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकांची माहिती पाच वर्षं. त्यावर काही परदेशी व्हीपीएन कंपन्यांनी आपले भारतातले सर्व्हर हलवले. त्याआधी २०११ च्या नियमांनी नेटकॅफेतल्या आडोशाची उंची ठरवून दिली होती, जमिनीपासून साडेचार फुटांपेक्षा जास्त नको. वर्षभर नोंदी ठेवायच्या त्या वेगळ्या. तुमसरला त्या काळी नेटकॅफेत बसणाऱ्या मुलांची डोकी बाहेरून दिसायची, ती अशी कायद्यानं दिसायची. गुन्हे होतात, तपास करावा लागतो, हे मला मान्य आहे. पण साडेचार फुटांच्या आडोशामागं आजाराचं नाव शोधणारी बाईही बसू शकते, हे नियम लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलं असेल असं वाटत नाही.

आणि ज्यांनी खिडकी बनवली ते? जून २०२० मध्ये कॅलिफोर्नियात गुगलवर दावा दाखल झाला. तक्रार अशी की, लोक इनकॉग्निटोत असतानाही गुगलची जाहिरातीची आणि मोजणीची यंत्रणा इतर संकेतस्थळांवरून त्यांची माहिती गोळा करत होती. मागणी किमान पाच अब्ज डॉलर्सची होती. डिसेंबर २०२३ मध्ये समेट झाला आणि त्याच्या अटी एप्रिल २०२४ मध्ये बाहेर आल्या. अब्जावधी नोंदी नष्ट करायच्या किंवा त्यांतली ओळख पुसायची, आणि खिडकीवरची सूचना स्पष्ट करायची. वापरणाऱ्यांना या समेटातून पैसा मिळाला नाही. सूचना मात्र बदलली: संकेतस्थळं आणि त्यांच्या सेवा, गुगलसकट, माहिती कशी गोळा करतात यात या खिडकीनं फरक पडत नाही, अशा अर्थाचं वाक्य आता तिथं आहे. पंधरा वर्षं खिडकीवर टोपी-चष्मा होता, 'गुगलसकट' हा शब्द यायला खटला लागला.

आपल्या देशात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितलं. पुट्टस्वामी खटला म्हणून तो ओळखला जातो. त्यातलं एक निकालपत्र न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी लिहिलं आणि त्यात आणीबाणीतला १९७६ चा एक निकाल चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालात बहुमताच्या बाजूनं त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड होते. मराठी घरांत वडिलांचं म्हणणं मुलानं खोडून काढणं नवीन नाही, पण देशाच्या राज्यघटनेसाठी खोडून काढल्याचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही. त्यानंतर २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. तुमची माहिती घेणाऱ्यानं कशासाठी घेतो ते साध्या भाषेत सांगावं, संमती घ्यावी, ही त्याची चौकट. याच कायद्यात सरकारला आपल्या यंत्रणांना त्यातून वगळण्याची मुभाही आहे. ते मला खटकतं.

आंबागडच्या किल्ल्याबद्दल एक गोष्ट इथं सांगायला हवी. सतराव्या शतकाच्या अखेरीस देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या राजा खान पठाण या सरदारानं तो बांधला असं सांगतात. पुढं भोसल्यांच्या काळात तो तुरुंग झाला, आणि आतल्या विहिरीचं साचलेलं विषारी पाणी पाजून कैद्यांना मारीत, अशी कथा गॅझेटिअरातही आली आहे. भिंत खालून चढून येणाऱ्या शत्रूसाठी भक्कम होती. आत असलेल्याला तिचा काय उपयोग? खासगी खिडकीचं याच्या उलट आहे. ती आतल्यांपासून वाचवते, बाहेरच्यांपासून नाही. आणि आमच्या भागात, जिथं एक मोबाईल पाच हातांत फिरतो, तिथं एखाद्या बाईला आतल्यांपासूनच जास्त जपावं लागतं. म्हणून जाणकार या खिडकीला हसतात तेव्हा मी त्यांच्या हसण्यात सामील होत नाही.

वाचनालयातल्या संगणकाशेजारी मी आता एक कागद चिकटवला आहे. खासगी खिडकी कशी उघडायची ते त्यावर आहे. एकापेक्षा जास्त खासगी खिडक्या उघडल्या असतील तर सगळ्या बंद करा, एक जरी उघडी राहिली तरी चिठ्ठ्या राहतात, हेही आहे. त्या खिडकीत आपल्या नावाचं खातं उघडू नका, कारण मग पलीकडच्याला तुम्ही स्वतःच नाव सांगितलंत. फाइल उतरवली असेल तर पुसून जा. शेवटची ओळ भाचीनं लिहून घेतली: हे वाचनालयाच्या पुढच्या माणसापासून लपतं, इंटरनेट कंपनीपासून नाही. कागद वाचून परवा एका पोरानं विचारलं, "काकाजी, मग कंपनीपासून लपायचं असेल तर?" मी त्याला म्हटलं, बस, नागपूरहून ती रविवारी येणार आहे, तिलाच विचारू.